खालची दोन बोटं

मी म्हैसूरच्या विजयनगरात राहते. पत्ता सांगितला की मराठी माणूस हमखास विचारतो, ‘म्हणजे हंपीजवळ?’ नाही. हंपी इथून चारेकशे किलोमीटर दूर. हे विजयनगर म्हणजे शहराच्या वायव्येला टप्प्याटप्प्यानं आखलेली वसाहत. रस्ते सरळ, घरांना नंबर, आणि भागांना फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज अशी नावं. गच्चीवरून चामुंडी टेकडी दिसते. पाऊस म्हणजे जून-जुलै हे कोल्हापुरात वाढलेल्या माझ्या डोक्यातलं गणित इथे आल्यावर मोडलं. म्हैसूरला जुलैपेक्षा मे आणि ऑक्टोबरमध्ये जास्त पाऊस पडतो. दुपारी रणरणतं ऊन, चारनंतर काळोख, तासभर बदाबदा पाणी, आणि पुन्हा स्वच्छ आभाळ. कोकण-घाटासारखी आठवडाभराची झड इथे नाही.

अशाच एका ऑक्टोबरात, कोल्हापूरहून आणलेली बाबांची ट्रंक उघडी करून मी निगेटिव्ह वाळवायला काढल्या. घाटमाथ्याच्या दमट हवेत त्यांच्यावर बुरशीची जाळी धरली होती. बाबा कोल्हापुरात बँकेत कारकून होते आणि त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. त्या काळात मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असेलच तर बहुधा हाच. शटरचा वेग एकच, वर ऊन आणि ढग अशा खुणा, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. ट्रंकेत मला हवी होती ती गगनबावड्याची निगेटिव्ह. त्या फोटोची मोठी प्रत आमच्या बाहेरच्या खोलीत चाळीस वर्षं टांगलेली होती: डोंगराची काळी कड, तिच्यावरून उतरणारं धुकं, मधे एक बारीक धबधबा. पाहुणे म्हणत, ‘अगदी चित्रासारखा आलाय.’

निगेटिव्ह खिडकीशी धरली आणि लक्षात आलं की फोटो तेवढाच नव्हता. खाली आणखी एक पट्टा होता, साधारण दोन बोटं रुंदीचा. त्या पट्ट्यात भाताचं खाचर आणि खाचरात वाकलेल्या दोन बायका, पाठीवर इरली घेतलेल्या. जुन्या स्टुडिओच्या खाकी पाकिटावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘खालचा भाग नको.’

मी अनुवादक आहे. काय ठेवलं आणि काय गाळलं हे बघणं हा माझा धंदा. तेव्हा या दोन बोटांच्या मागे मी जरा लांबवर गेले, आणि गंमत म्हणजे त्या दुसऱ्या विजयनगरापाशी, हंपीपाशी, जाऊन पोचले.

1856 साली मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीतला अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाचा अधिकारी हंपीच्या अवशेषांत कॅमेरा घेऊन हिंडला. काचेवर नव्हे, मेण लावलेल्या कागदावर त्यानं निगेटिव्ह केल्या. त्यांतल्या साठच्या आसपास उरल्या. आकार सुमारे 16 बाय 18 इंच, म्हणजे जवळजवळ ताटाएवढ्या. त्या सव्वाशे वर्षं कुणाच्या ध्यानीमनी नव्हत्या. 1980 मध्ये इंग्लंडातल्या एका खासगी संग्रहात सापडल्या. पुढे 1983 मध्ये ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार जॉन गोलिंग्ज यांनी त्याच जागांवर उभं राहून तीच दृश्यं पुन्हा टिपली. ग्रीनलॉची चित्रं पाहताना शांतता जाणवते, पण ती शांतता रसायनशास्त्रानं घडवलेली आहे. कागदी निगेटिव्हला मिनिटांच्या हिशेबात प्रकाश द्यावा लागे. तेवढ्या वेळात चालता माणूस पुसून जातो, हलणारी फांदी धूर होते, आणि पाऊस तर उमटतच नाही. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानं खाली येतो. बाबांच्या क्लिक थ्रीसारख्या, सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास उघडणाऱ्या शटरलाही तो फूटभर लांबीची रेघ म्हणून दिसतो. ग्रीनलॉच्या कॅमेऱ्याच्या लेखी तो पडलाच नव्हता.

त्याहून मोठी अडचण रंगांची होती. त्या काळातली सगळी रसायनं, कागदावरची काय किंवा काचेवरच्या कलोडियनची काय, निळ्या प्रकाशाला भुकेली आणि हिरव्याला जवळजवळ आंधळी. आभाळ त्यांना इतकं उजळ दिसे की ढगांसकट सगळं सपाट पांढरं व्हायचं आणि झाडं काळी पडायची. 1873 मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी रसायनात रंगद्रव्य मिसळून ही नजर सुधारण्याची वाट दाखवली, तीही हळूहळूच बाजारात उतरली. आता आपला पावसाळा आठवा. वर करडं, खाली हिरवं. पृथ्वीच्या पाठीवर त्या रसायनाला सगळ्यात न मानवणारं दृश्य शोधायचं म्हटलं तर श्रावणातला घाट त्यात पहिला येईल.

म्हणून मग कामाचे महिने ठरून गेले. लिनियस ट्राइप 1854 च्या डिसेंबरात बेलूर-हळेबीडला आला. पुढे मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाल्यावर दक्षिणेचा त्याचा मोठा दौराही डिसेंबर 1857 ला सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपला. मधल्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेत हवामान आणि आजारपण यांमुळे त्याला जेमतेम 36 दिवस काम करता आलं, अशी त्याची स्वतःचीच तक्रार आहे. मुंबईतही 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपले लोक धंदा म्हणून फोटो काढू लागले होते. म्हणजे मराठी माणसाच्या हाती कॅमेरा अगदी लवकर आला. पण एकोणिसाव्या शतकातला हिंदुस्थान फोटोंतून पाहणाऱ्याला या देशात पाऊस पडतो हे क्वचितच कळेल. वर्षातले चार महिने आधीच कातरलेले.

ट्राइपबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. रिकामं पांढरं आभाळ त्याला सहन होत नसे. त्यामुळे निगेटिव्हवर हातानं रंग लावून तो ढग काढत असे. मऊ, गोलसर, शिस्तशीर ढग. फ्रान्समध्ये त्याच सुमारास ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आभाळ दुसऱ्या निगेटिव्हवरून छापत होता. हे कळल्यापासून मला ट्राइप जवळचा वाटतो. मूळ मजकुरातली एखादी रिकामी जागा बघवत नाही म्हणून तिथे आपला एक शब्द घुसडणारे अनुवादक मी ओळखते. त्यांतली एक रोज आरशात दिसते.

पण तेव्हा कापाकापी मात्र कमी होती, आणि त्याचं कारण नीतीचं नव्हे. निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हात छापायची, म्हणजे प्रत निगेटिव्हएवढीच. फार तर कात्रीनं कडा साफ करायच्या. जे दाखवायचं ते तिकाटण्यामागे उभं असतानाच ठरवावं लागे. छोटी निगेटिव्ह आणि तिला मोठं करणारं यंत्र रुळलं, तसं ठरवण्याचं काम डोंगरावरून उठून डार्करूममध्ये आलं. आता यंत्राखाली कागद सरकवायचा आणि फोटो काढल्यावर चार दिवसांनी, कोरड्या खोलीत बसून, काय पाहिलं होतं ते ठरवायचं.

याला कडाडून विरोध करणाऱ्यांत आंरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव आधी घेतात. चौकट शटर दाबतानाच पूर्ण व्हायला हवी, मागाहून कापायचं नाही, असा त्याचा दंडक. आणि त्याचा सर्वांत गाजलेला फोटो कोणता? 1932 सालचा, पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनमागचा: डबक्यावरून उडी मारणारा माणूस, आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब. तो त्यानं कुंपणाच्या फटीतून काढला होता. डाव्या बाजूला फळी आडवी आली, ती कापावी लागली. दंडकाला अपवाद झाला तो साचलेल्या पाण्यानं.

भारतातल्या पावसाचा जगानं पाहिलेला चेहरा तर याहून मजेशीर आहे. 1961 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात न्यूझीलंडच्या ब्रायन ब्रेकची ‘मान्सून’ ही चित्रमालिका आली. तीत पहिल्या सरीला चेहरा देऊन डोळे मिटलेली एक मुलगी आहे. ती म्हणजे अपर्णा दासगुप्ता, पुढच्या अपर्णा सेन. फोटो कलकत्त्याच्या एका गच्चीवरचा आणि पाऊस झारीचा. चौकटीच्या वर झारी धरलेला हात होता, तो दिसू दिला नाही इतकंच. त्यानंतर काही वर्षांनी, 1967 मध्ये, रघुबीर सिंगनं बिहारात मुंगेरला खऱ्या पावसात एकमेकींना बिलगून उभ्या राहिलेल्या बायकांचा फोटो काढला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही. झारीखालची मुलगी सुखावलेली आहे. मुंगेरच्या बायका पाऊस थांबायची वाट बघतायत.

ओल्या हवेतलं निसर्गदृश्य कसं बांधावं याचे आडाखे बाबांना ठाऊक होते. बहुधा मासिकांतून वाचलेले, काही स्टुडिओवाल्याकडून ऐकलेले. भरलेलं आभाळ जास्त घेऊ नये, ते कागदावर कोरं येतं. पाऊस दाखवायचा असेल तर मागे काळं काहीतरी हवं, डोंगर किंवा झाडी. आभाळावर पाऊस दिसत नाही. धुक्यानं लांबचं खोटं होतं म्हणून जवळ एखादी ठळक वस्तू ठेवावी, ओला दगड, कुंपण, माणूस. या शेवटच्या नियमाप्रमाणे पाहिलं तर निगेटिव्ह अचूक बांधलेली आहे. खाचराचं पाणी खाली उजेड पकडतं, इरल्यांचे दोन काळे डोंब नजरेला धरून ठेवतात, तिथून ती वर धबधब्याकडे जाते. बाबांनी त्या बायका पाहिल्या होत्या, त्यांच्यासाठी कॅमेरा खाली झुकवला होता. चौकोनी निगेटिव्ह आडव्या कागदावर आणताना कुठूनतरी कापणं भाग होतं, हे खरं. पण वरचं कोरं आभाळ कापूनही कागद भरला असता. मी मापं घेऊन पाहिलं.

कन्नडमधून अनुवाद करताना मलनाडचा पाऊस वरचेवर वाटेत येतो. तिथे एक शब्द भेटतो, गोरबु. लावणी करणाऱ्यांनी डोक्यापाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन. पहिल्यांदा भेटला तेव्हा मी जवळजवळ टीप लिहिणार होते. मग आठवलं की आपल्याकडे इरलं आहे की. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, घातलेला माणूस लांबून कासवासारखा दिसतो. दोन्ही हात रोपांसाठी मोकळे राहतात, छत्रीनं ते होत नाही. तसंच ‘कंबळिकोप्पे’ म्हणजे आपली घोंगडीची खोळ. एकाच डोंगररांगेच्या दोन टोकांना तोच पाऊस, तीच वाकलेली पाठ, तिला दोन भाषांत दोन नेटके शब्द. मराठीच्या तरुण संपादकानं मात्र ‘इरलं’ काढून ‘रेनकोट’ सुचवला होता. वाचकाला कळावं म्हणून.

स्कॅन केलेला पूर्ण फोटो मी आत्याला पाठवला. ती आता ऐंशीच्या घरात, कोल्हापुरातच असते. तिचा फोन अर्ध्या तासानं आला.

“हे कुठं सापडलं तुला?”

“बाबांच्या ट्रंकेत. आत्या, या कोण आहेत?”

“तोंडं कुठं दिसतायत? इरल्याखाली सगळ्या सारख्याच.” मग ती थोडा वेळ काही बोलली नाही. “आमची आई जायची लावणीला. लोकांच्यात. आपलं शेत कुठलं होतं गं? दादाला बँकेत लागल्यावर ते आवडायचं नाही. बंद कर म्हणायचा. ती काही बंद करायची नाही.”

“मग यातली एक आजी आहे?”

“उजवीकडचीचं इरलं तसं वाटतंय. आई जरा आखूड घ्यायची. पण मी काही शपथेवर सांगणार नाही.”

माझ्या जन्माआधीच आजी गेली. तिचा एकच फोटो घरात होता, स्टुडिओतला, खुर्चीत बसलेली, मागे पडद्यावर रंगवलेला बाग. ती लावणीला जायची हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही. ‘आमच्याकडे शेती होती’ असं सांगत. बाहेरच्या खोलीतल्या त्या फोटोखाली आम्ही जेवलो, अभ्यास केला, पाहुण्यांना चहा दिला. त्याबद्दल त्यांना विचारण्याची वेळ निघून गेली आहे. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. कापायचंच होतं तर निगेटिव्ह जपून का ठेवली? त्या रोलमधल्या बाकीच्या अकरा ट्रंकेत नाहीत. ही एक वेगळ्या पाकिटात, वर रेघ मारून.

गेल्या आठवड्यात विजयनगरातल्याच एका फोटोच्या दुकानात प्रिंट करायला दिली. काउंटरवरच्या मुलानं स्क्रीनवर फोटो उघडला आणि सवयीनं त्याच्यावर आडवी चौकट ओढली. आभाळाचा थोडा भाग गेला, खाली खाचर गेलं. “मॅडम, पेपर आडवा आहे. वरखाली थोडं जाणार,” तो कन्नडमध्ये म्हणाला, “खाली तसं काही नाहीये.”

मी म्हटलं, चौकोनीच काढ, दोन्ही बाजूंना पांढरा कागद राहू दे. त्याला ते विचित्र वाटलं. पैसे पूर्ण कागदाचे पडतील, म्हणाला. पडू दे म्हटलं. बाहेर पाऊस सुरू झाला होता, म्हणून त्यानं प्रिंट प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून दिली.