फोटो लहान कसा झाला



मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंचा कर्जाचा ऑनलाइन अर्ज परत आला. कारण काय, तर 'फोटो अस्पष्ट'. फोटो स्टुडिओत काढलेला, चांगला स्वच्छ होता. पण तो मुलाच्या मोबाइलवरून भाचीच्या, तिच्याकडून आमच्या आणि आमच्याकडून सेवा केंद्रात असा फिरला, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तो 'लहान' केला. शेवटी नाक कुठलं आणि नथ कुठली ते कळेना. मग आम्हीच शोधायला बसलो, की फोटो लहान होतो म्हणजे नक्की काय होतं, आणि हे सुचलं कुणाला?

मोबाइलमधला फोटो म्हणजे रांगोळीचे ठिपके. प्रत्येक ठिपका किती उजळ, कोणत्या रंगाचा, ते आकड्यांत लिहिलेलं असतं. अमेरिकेत १९५७ साली रसेल कर्श नावाच्या इंजिनिअरनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा कागदावरचा फोटो यंत्राला वाचायला दिला. फोटो जेमतेम पाच सेंटिमीटरचा. त्याचे ठिपके झाले आडवे १७६, उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६. संगणकात गेलेला हा पहिला फोटो मानतात. तो कुठल्या पुढाऱ्याचा नव्हता, घरातल्या तान्ह्या बाळाचा होता, हे आम्हाला फार आवडलं.

आज आपल्या हातातल्या मोबाइलच्या एका फोटोत सव्वा कोटीच्या आसपास ठिपके असतात. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. सगळे जसेच्या तसे लिहिले तर ३६ एमबी होतील. अर्जात मागतात ५० केबी!

ठिपके कमी करणं हा एक उपाय. पण तेवढ्यानं भागत नाही. दुसरा उपाय ज्यांच्या गणितातून निघाला ते नासिर अहमद आपल्या बेंगळुरूचे. तिथेच इंजिनिअर होऊन ते अमेरिकेला गेले आणि कॅन्ससच्या विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करायला सरकारी विज्ञान निधीकडे पैसे मागितले. मिळाले नाहीत. कल्पना फारच सोपी आहे असं एका परीक्षकाचं म्हणणं पडलं, हे अहमद यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. (बँकेतून फाइल परत आणलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.) पण ते थांबले नाहीत. विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांना सोबत घेऊन त्यांनी १९७३ चा अख्खा उन्हाळा यात घातला, आणि जानेवारी १९७४ मध्ये ते काम छापून आलं.

आता हे गणित फोटोवर कसं चालतं? आठ आडवे, आठ उभे अशा ६४ ठिपक्यांचा एकेक चौकोन घेतात. त्यातलं ढोबळ काय आणि बारीक काय, हे गणित वेगळं करून देतं. ढोबळ ठेवायचं, आणि बारीकपैकी डोळ्याला जाणवणारच नाही ते टाकायचं. सुपात धान्य पाखडतो तसंच. आपल्या डोळ्याला उजेड-सावलीतला फरक चटकन दिसतो, रंगातला तेवढा दिसत नाही, म्हणून रंगातला बारकावा जास्त सोडतात. १९८६ साली जगभरातल्या जाणकारांचा एक गट जमला, त्यांनी याची पद्धत बसवली आणि १९९२ मध्ये ती मान्य झाली. फोटोच्या नावापुढे 'जेपीजी' दिसतं ना, ती या गटाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं.

पण पाखडताना उडालेलं पुन्हा सुपात येत नाही. लहान केलेला फोटो मोठा केला तरी गेलेला बारकावा गेलाच, आणि तोच फोटो परत लहान केला की आणखी जातो. ताईंच्या फोटोचं नेमकं हेच झालं होतं.

मग आम्ही स्टुडिओतून मूळ फोटो मागवला, तोही व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून, म्हणजे वाटेत कुणी पाखडणार नाही. मूळ फोटो तसाच ठेवून त्याची नक्कल घेतली. आधी चेहरा आणि खांदे एवढंच कापून घेतलं, मग ठिपके कमी केले, आणि सगळ्यात शेवटी एकदाच वजन उतरवलं. ४२ केबी भरलं. नथ स्पष्ट दिसत होती. अर्ज सोमवारी पुन्हा भरलाय. ताई रोज सकाळी आम्हाला विचारतात, आलं का काही?