उष्णताताण, शीतजलीय कवचधर प्राण्यांतील

ध्रुवीय व समशीतोष्ण समुद्रांतील क्रिल, शेवंडे, खेकडे इ. कवचधर (क्रस्टेशिया गटातील) प्राण्यांच्या शरीरक्रियांवर, सभोवतालचे पाणी नेहमीच्या मर्यादेपलीकडे तापल्यामुळे जो भार पडतो, त्यास उष्णताताण म्हणतात. हे प्राणी अनियततापी (शरीराचे तापमान स्थिर राखू न शकणारे) असल्यामुळे पाण्याबरोबर त्यांचे शरीरही तापते. कोणत्या तापमानास प्राणी मरतो, या प्रश्नापासून सुरू झालेला या विषयाचा अभ्यास आता उष्ण पाण्यात जगण्यासाठी प्राण्यास किती ऊर्जा खर्चावी लागते, या प्रश्नापर्यंत आला आहे. या वाटचालीत भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा आहे.

शरीरक्रियात्मक आधार : तापमान १०° से.ने वाढल्यास चयापचयाचा वेग सामान्यतः दुप्पट ते तिप्पट होतो व ऑक्सिजनाची गरज त्याच प्रमाणात वाढते. पाण्याची ऑक्सिजन विरघळविण्याची क्षमता मात्र घटते. समुद्राच्या पाण्यात ०° से.ला दर लिटरमागे सु. ८ मिलि. ऑक्सिजन मावतो, तर ३०° से.ला सु. ४·५ मिलि. मावतो. शिवाय मोठ्या कवचधरांच्या रक्तातील हीमोसायनीन या तांबेयुक्त द्रव्याची ऑक्सिजन धरून ठेवण्याची शक्ती उष्णतेने कमी होते. अशा वेळी प्राणी क्लोमांवरून अधिक वेगाने पाणी खेळवितो व त्याचे हृत्स्पंदन वाढते. हालचाल करू शकणाऱ्या जाती खोल अथवा अधिक थंड पाण्याकडे सरकतात.

प्रारंभीचे संशोधन : न. के. पणिक्कर (१९१३–७७) यांनी १९४० मध्ये नेचर या नियतकालिकात कवचधरांच्या तर्षणक्रियेवरील तापमानाच्या परिणामाविषयी संशोधन प्रसिद्ध केले. कोळंबीसारखे प्राणी तुलनेने उष्ण पाण्यात कमी लवणता अधिक सहजपणे सहन करतात, असे त्यांना आढळले. उष्ण कटिबंधात समुद्री प्राणी खाड्या व नद्यांत मोठ्या संख्येने का शिरले, याचा उलगडा त्यांनी या आधारे सुचविला. उष्णतेचा परिणाम एकटा मोजता येत नाही, लवणतेसारख्या इतर घटकांबरोबरच तो पाहावा लागतो, ही दृष्टी त्यातून पुढे आली. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या व गोव्यात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पणिक्कर हे पहिले संचालक होत. कॅनडात डी. डब्ल्यू. मॅक्लीस यांनी १९५६ मध्ये अमेरिकन शेवंड्यावर तापमान, लवणता व ऑक्सिजन यांचा एकत्रित परिणाम तपासला. प्राणी आधी ज्या तापमानास सरावलेला असतो, त्यावर त्याची सहनमर्यादा अवलंबून असते, असे त्यांना दिसून आले.

पेशीतील संरक्षण : १९६२ मध्ये फेरूत्चो रितोस्सा यांना उष्णता दिल्यावर फळमाशीच्या गुणसूत्रांवर विशिष्ट जागी फुगवटे येतात, असे आढळले. १९७४ मध्ये त्यांच्याशी निगडित प्रथिने ओळखण्यात आली व त्यांना उष्माघात प्रथिने हे नाव पडले. उष्णतेने घडी बिघडलेल्या इतर प्रथिनांना ती सावरतात. कवचधरांतही ती तयार होतात. मात्र त्यांच्या निर्मितीस ऊर्जा लागते व तेवढी वाढीसाठी, कात टाकण्यासाठी आणि अंडी निर्माण करण्यासाठी उरत नाही.

ध्रुवीय समुद्र व भारतीय मोहिमा : राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. तेव्हापासून क्रिलच्या अधिवासाशी भारताचा प्रत्यक्ष संबंध आला. ध्रुवीय संशोधनाचे केंद्र १९९८ मध्ये गोव्यातच वास्को येथे सुरू झाले. अंटार्क्टिक क्रिल सु. –१·८° ते ५° से. एवढ्या अरुंद तापमान-पट्ट्यात राहतो. दक्षिण अटलांटिकच्या नैर्ऋत्य भागात त्याचा वावर दक्षिणेकडे आक्रसल्याचे काही अभ्यासकांनी २०१९ मध्ये दाखविले. इतरांचे याबाबत मतभेद आहेत.

मर्यादेचे नवे आकलन : एम्. फ्रेडरिख व एच्. ओ. प्यर्टनर यांनी २००० मध्ये माया स्क्विनाडो या खेकड्यावर प्रयोग केले. प्राणघातक तापमान येण्यापूर्वीच हृदय व श्वसन यांची क्षमता अपुरी पडून रक्तातील ऑक्सिजन घटतो, असे त्यांनी दाखविले. हा नियम सर्व जातींना लागू पडत नाही. तथापि मृत्यूच्या पुष्कळ अलीकडेच ताण सुरू होतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले. याचा मोठा प्रत्यय बेरिंग समुद्रात आला. तेथील लहान हिमखेकडे २° से.हून थंड तळपाण्यात वाढतात. २०१८–१९ मधील सागरी उष्मालाटेनंतर एक हजार कोटींहून अधिक खेकडे नाहीसे झाले व २०२२ मध्ये तेथील मासेमारी प्रथमच बंद ठेवावी लागली. पाणी त्यांना थेट मारण्याइतके तापले नव्हते. उष्णतेने त्यांची अन्नाची गरज वाढली, दाटी झालेल्या क्षेत्रात तेवढे अन्न नव्हते, त्यामुळे उपासमार झाली, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

उष्ण समुद्रांसाठी बोध : हा धोका केवळ थंड पाण्यातील प्राण्यांना आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. जे. एच्. स्टिलमन यांनी २००३ मध्ये पोर्सेलीन खेकड्यांच्या अभ्यासातून दाखविले की, सर्वाधिक उष्णता सोसणाऱ्या जातींतच आणखी जुळवून घेण्याची क्षमता सर्वांत कमी असते, कारण त्या आधीच आपल्या मर्यादेजवळ राहतात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांच्या २०१४ मधील संशोधनानुसार, पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळ्यातील पृष्ठतापमान १९०१–२०१२ या काळात सु. १·२° से.ने वाढले. कोकण किनाऱ्यावरील कोळंबी व जवळा हे उष्णजलीय कवचधर होत. जवळा वाळवून नाशिकसारख्या घाटावरील बाजारांतही जातो व तेथील गरीब कुटुंबांनाही प्रथिने पुरवितो. म्हणून किती तापमानास हे प्राणी मरतील, एवढेच पाहून भागणार नाही. त्यापूर्वी त्यांची वाढ व प्रजोत्पादन केव्हा मंदावते, हे पाहणे मत्स्यव्यवसायाच्या दृष्टीने अधिक निकडीचे आहे.