सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकची देखभाल

सायकलचे हायड्रॉलिक ब्रेक म्हणजे हाताचा दाब तारेऐवजी बंद नळीतील तेलामार्फत चाकापर्यंत पोहोचवणारे ब्रेक होत. यांना द्रवचालित ब्रेक असेही म्हणतात. कमी जोरात अधिक पकड मिळते आणि पॅड झिजत गेले तरी त्यांचे रोटरपासूनचे अंतर आपोआप राखले जाते, हे यांचे मुख्य गुण होत. यांची बरीचशी देखभाल घरी करता येते. मात्र चुकीचे तेल, यंत्रणेत शिरलेली हवा आणि पॅडला लागलेला तेलकटपणा यांमुळे उत्तम ब्रेकही निकामी होतात.

रचना व कार्य

हँडलवरील लिव्हरमध्ये मास्टर सिलिंडर आणि तेलाची लहान टाकी असते. तेथून निघालेली नळी चाकाजवळील कॅलिपरला जोडलेली असते. लिव्हर दाबताच तेल कॅलिपरमधील पिस्टन पुढे ढकलते आणि दोन्ही बाजूंचे पॅड हबला बसवलेल्या पोलादी चकतीला, म्हणजे रोटरला, घट्ट धरतात. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, या ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांच्या नियमावर ही रचना आधारलेली आहे. लिव्हरमधील पिस्टन लहान व कॅलिपरमधील मोठे असल्याने हाताचा जोर वाढून पॅडपर्यंत पोहोचतो. तेल दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते. म्हणून नळीत हवा शिरली की लिव्हर स्पंजासारखी मऊ लागते.

इतिहास

मोटारींमध्ये १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना द्रवचालित ब्रेक बसवले. सायकलींसाठी जर्मनीतील मागुरा कंपनीने १९८७ मध्ये चाकाच्या रिमवर दाब देणारे द्रवचालित ब्रेक आणले. पुढे डोंगरी सायकलींवर डिस्क ब्रेक रूढ झाले. रस्त्यावरील स्पर्धांत त्यांना आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१८ मध्ये कायमची मान्यता दिली.

तेलाचे प्रकार

या ब्रेकमध्ये खनिज तेल किंवा डॉट वर्गातील द्रव वापरतात. शिमानो, मागुरा व टेक्ट्रो यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात; स्रॅम व हेज यांच्या बहुसंख्य ब्रेकमध्ये डॉट ४ किंवा डॉट ५.१ वापरतात. हे दोन प्रकार एकमेकांऐवजी कधीही चालत नाहीत. चुकीच्या तेलाने आतील रबरी सील फुगतात किंवा खराब होतात आणि ब्रेक ऐन वेळी दगा देऊ शकतो. डॉट ५ हा सिलिकॉनवर आधारलेला असून तो डॉट ५.१ ऐवजी वापरू नये. कोणते तेल घालावे हे लिव्हरवर किंवा माहितीपत्रकात नोंदलेले असते. केवळ रंगावरून निर्णय घेऊ नये.

डॉट द्रव हवेतील ओलावा शोषतो व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ साठी कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश अशी मानके आहेत. म्हणून हा द्रव साधारणतः एक-दोन वर्षांनी बदलतात. खनिज तेल ओलावा शोषत नाही. परंतु आत शिरलेले पाणी खाली कॅलिपरमध्ये साचून तापल्यावर उकळू शकते. डॉट द्रवाने रंग उडतो व त्वचेला इजा होते. तो सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

नांदेड व लातूर भागातील परिस्थिती

नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, तर लातूर बालाघाटच्या पठारावर वसलेले आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, रस्त्यांवर बारीक धूळ असते आणि पावसाळ्यात काळी चिकण माती कॅलिपरमध्ये भरते. ओली माती वाळू देऊ नये. ती पॅड व पिस्टनभोवती घट्ट बसते. दुचाकींचे ब्रेक ऑईल, म्हणजे डॉट द्रव, या शहरांतील सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळते; सायकलचे खनिज तेल मात्र तितके सहज मिळत नाही. त्यामुळे खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये दुचाकीचे ब्रेक ऑईल भरण्याची चूक संभवते. शिलाई मशीनचे तेलही पर्याय म्हणून वापरू नये.

नियमित देखभाल

रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावा. साखळीला तेल देताना रोटर झाकून ठेवावा. रॉकेल किंवा फवाऱ्याचे तेल त्यावर उडू देऊ नये. तेल मुरलेले पॅड बदलणेच योग्य. शिमानोच्या पॅडवरील घर्षण-थर ०.५ मिलिमीटर उरल्यावर पॅड, आणि मूळ १.८ मिलिमीटर जाडीचा रोटर १.५ मिलिमीटर झाल्यावर रोटर बदलावा. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या जागी मध्यम वेगावरून सुमारे वीस वेळा हळूहळू वेग कमी करावा. त्याने पॅड व रोटर एकमेकांशी जुळतात.

पंक्चर काढताना घ्यावयाची काळजी

चाक काढलेले असताना लिव्हर दाबल्यास पिस्टन बाहेर येतात आणि चाक पुन्हा बसत नाही. म्हणून पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टी किंवा जाड पुठ्ठा घालावा. पंक्चर काढताना सायकल उलटी करण्याची पद्धत आहे. तशी केल्यास टाकीतील हवा नळीत शिरू शकते. सायकल सरळ केल्यावर लिव्हर अनेकदा दाबून ती घट्ट लागते याची खात्री करावी. प्रवासानंतर रोटर तापलेला असतो, त्याला हात लावू नये.

हवा काढणे

प्रथम चाक व पॅड काढून कॅलिपरमध्ये ठोकळा बसवतात आणि लिव्हर आडवी करून तिच्या टाकीवर नरसाळे लावतात. कॅलिपरच्या निपलला तेल भरलेली सिरिंज जोडून, निपल सैल करून तेल हळूहळू वर ढकलतात. तेलाबरोबर बुडबुडे वर येतात. नळीवर हलकेच टिचक्या मारल्यास अडकलेली हवा सुटते. बुडबुडे थांबल्यावर निपल घट्ट करून लिव्हर दाबून पाहतात. ही शिमानोसारख्या ब्रेकची सर्वसाधारण पद्धत आहे. इतर कंपन्यांची साधने व क्रम भिन्न असतात. वापरलेले तेल गटारात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये.

मर्यादा

तेल गळणे, फुगलेली किंवा कापली गेलेली नळी, वाकलेला रोटर व अडकलेला पिस्टन हे दोष जाणकार कारागिराकडून दुरुस्त करून घेणे श्रेयस्कर. दुरुस्तीनंतर आधी सायकल हाताने ढकलून, मग सपाट मैदानावर मंद गतीने ब्रेक तपासावा. बालाघाटातील उतारावर किंवा वर्दळीत सायकल त्यानंतरच न्यावी.