अफू, ‘ताकद’ आणि पुरुषाचं हार्मोन

पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉलच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणारे पुरुष लोणावळ्यात माझ्याकडे येतात. तपासणी संपते, चप्पल घालता घालता ते हळूच विचारतात, “डॉक्टर, अलीकडे इच्छाच होत नाही. ताकदीचं एखादं इंजेक्शन द्याल का?” या तक्रारीचा त्या गोळीशी संबंध असेल, हे त्यांच्या मनातही नसतं. त्यात त्यांची चूक नाही. हा संबंध उलगडायला वैद्यकशास्त्रालाही शतकं लागली.

ट्रॅमाडॉल, मॉर्फीन, हेरॉईन ही सगळी अफूसारखं काम करणारी द्रव्यं. आपल्याकडे चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत अफू नाही. मध्ययुगातल्या ग्रंथांत ती ‘अहिफेन’ नावाने दिसते. जुलाब आणि वेदना थांबवायला ती वापरत, तशीच स्तंभनासाठीही. अफूमुळे वीर्यपतन लांबतं, हे खरं आहे. त्यावरून ‘अफूने मर्दानगी वाढते’ असा समज रुजला.

हा समज चुकीचा आहे, हे लिहून ठेवणारा एक वैद्य आपल्याच भागात वावरला होता. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही तो उपचार करत असे. आपला लोहगड तेव्हा निजामशाहीतच होता. त्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात तो म्हणतो, की लोक कामसुखासाठी अफू घेतात खरे, पण ती पुरुषाला दुर्बळ करते. निरीक्षण अचूक होतं, पण त्यामागची यंत्रणा कळायला अजून चारशे वर्षं जायची होती.

१९३५ साली टेस्टोस्टेरॉन वेगळं काढण्यात आणि प्रयोगशाळेत बनवण्यात यश आलं. पुढे रक्तातलं त्याचं प्रमाण मोजता येऊ लागलं आणि १९७५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की मेथाडोन हे अफूवर्गातलं औषध घेणाऱ्या पुरुषांत ते बरंच कमी असतं.

असं का होतं? मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी वृषणांना. अफूवर्गातली औषधं हा पहिला निरोपच दाबून टाकतात. वृषणं निरोगी असतात, पण त्यांना कामाचा हुकूमच पोहोचत नाही. मग इच्छा कमी होते, ताठरता येत नाही, थकवा आणि उदासी वाढते, स्नायू आणि हाडं कमजोर होतात.

यावर उपाय आहे. तुम्ही अशा गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांना न लाजता सांगा. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान टेस्टोस्टेरॉनची तपासणी करा. कमी आलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिला उपचार म्हणजे गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करणं. ती बंद झाल्यावर बहुतेकांचं हार्मोन आपोआप सुधारतं. मनाने एकदम मात्र थांबवू नका, अंगदुखी, जुलाब, तळमळ असा त्रास होतो.

कॅन्सरच्या वेदनेसारख्या कारणाने गोळी सोडता येत नसेल, तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल देता येतं. पण ते ‘ताकदीचं टॉनिक’ नव्हे. त्याने शुक्राणू घटतात, म्हणून मूल हवं असणाऱ्यांनी ते घेऊ नये. रक्त घट्ट होऊ शकतं, प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर धोका संभवतो. म्हणून आधी आणि नंतरही तपासण्या लागतात.

तेव्हा ताकदीचं इंजेक्शन मागण्याआधी घरातल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. अनेकदा उत्तर त्या पिशवीतच सापडतं.