रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक : प्रयोगशाळेतून पडद्यापर्यंत

रसायनशास्त्राच्या अध्यापनात प्रात्यक्षिकाला दृढ स्थान मिळाले ते जर्मनीतील गिसेन येथे. १८२४ मध्ये तेथे रुजू झालेल्या लीबिग यांनी विद्यार्थ्यांच्या हाती उपकरणे दिली. मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स (१९२०) व विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग (१९३३) यांनी हीच परंपरा पुढे नेली.

मार्च २०२० मध्ये या परंपरेत खंड पडला. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय अभियानांतर्गत २००९ पासून आभासी प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या. मुंबईची आयआयटीही त्यात सहभागी होती. २९ एप्रिल २०२० रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रात्यक्षिक परीक्षा दूरस्थ पद्धतीने घेण्याची मुभा दिली; मधल्या सत्रांसाठी त्या पुढील सत्रात घेण्याचा पर्यायही ठेवला.

खालापूर तालुक्यातील कुंभिवलीसारख्या गावातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या दोन पर्यायांत मोठे अंतर आहे. अनुमापनात फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग पडद्यावर दिसतो, आकडेमोडही करता येते. परंतु ब्युरेटची तोटी थेंबाथेंबाने सोडण्याचा सराव आणि वाचन चुकल्यावर पुन्हा केलेले अनुमापन यांना तेथे पर्याय नाही. हा परिसर कारखान्यांचा असल्याने प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही. आम्ल हाताळणाऱ्या हाताच्या सवयीचा, म्हणजेच सुरक्षिततेचा होतो.

सारांश, आभासी प्रयोग पूर्वतयारीसाठी निश्चितच उपयुक्त आहेत. मात्र प्रयोगशाळा पुन्हा बंद ठेवण्याची वेळ आल्यास महाविद्यालयांनी दुसरा पर्याय स्वीकारून राहिलेली प्रात्यक्षिके प्रत्यक्ष करवून घ्यावीत. पदवी ज्या कौशल्याची ग्वाही देते, ते प्रयोगमेजावरच सिद्ध होते.