कीटकनाशके पचविणारे सूक्ष्मजीव

शेतात फवारलेल्या कीटकनाशकाचा बराचसा भाग किडीवर न पडता मातीत उतरतो. ऊन, पाणी आणि मातीतील सूक्ष्मजीव यांच्यामुळे अनेक कीटकनाशकांचे कालांतराने विघटन होते. काही रसायने मात्र दशकानुदशके टिकून राहतात आणि अन्नसाखळीतून माणसापर्यंत पोहोचतात. अशी माती खणून जाळणे किंवा अन्यत्र पुरणे अत्यंत खर्चिक असते. त्यामुळे सूक्ष्मजीवांकडूनच ती स्वच्छ करून घेण्याचा मार्ग पुढे आला. त्यास जैवउपचार म्हणतात.

फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत एन. सेतुनाथन आणि टी. योशिदा यांना डायझिनॉन वापरलेल्या भातखाचराच्या पाण्यात एक जिवाणू आढळला. १९७३ साली त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. डायझिनॉनचे तो कार्बन डायऑक्साइडपर्यंत विघटन करीत असे. पॅराथिऑन या कीटकनाशकाचा रेणूही तो तोडी. परंतु त्यातून निर्माण होणारे पॅरानायट्रोफिनॉल हे विषारी द्रव्य त्यास पचत नसे.

ही अडचण सूक्ष्मजीवांच्या समूहात कशी सुटते, हे कॅलिफोर्नियातील डॉटन आणि श्ये यांनी १९७७ मध्ये दाखविले. त्यांच्या प्रयोगात स्यूडोमोनास वंशातील एक जिवाणू पॅराथिऑनचा रेणू तोडीत असे आणि दुसरा त्यातून निघणाऱ्या पॅरानायट्रोफिनॉलवर पोसला जाई. एकट्याने पूर्ण न होणारे काम दोघांनी वाटून घेतले होते.

समूहाचे महत्त्व येथेच स्पष्ट होते. मूळ रसायन नाहीसे झाले म्हणजे माती निर्विष झाली असे नव्हे. एंडोसल्फानचे मातीत सूक्ष्मजीवांकडून ऑक्सिडीकरण होऊन एंडोसल्फान सल्फेट तयार होते. ते मूळ कीटकनाशकाइतकेच विषारी आणि त्याहून अधिक टिकाऊ असते. विघटन अर्ध्यावर थांबल्यास धोका केवळ रूप बदलतो.

भारतातील उल्लेखनीय उदाहरण लखनऊजवळील उम्मरी गावाचे आहे. शेतकऱ्यांना 'बीएचसी' या नावाने परिचित असलेल्या हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेनच्या मिश्रणात गॅमा प्रकार, म्हणजेच लिंडेन, हाच कीटकनाशक म्हणून उपयोगी असतो. एक टन शुद्ध लिंडेन मिळविताना इतर प्रकारांचा सुमारे ८ ते १२ टन कचरा उरतो. तो उम्मरी येथे टाकण्यात आला होता. या मिश्रणावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. माती मात्र दूषितच राहिली. दिल्ली विद्यापीठातील रूप लाल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कचऱ्याच्या जागी एक ग्रॅम मातीत ४५० मिलिग्रॅम, तर ५ किलोमीटरवर ०.०३ मिलिग्रॅम इतके हे रसायन होते.

याच संशोधकांनी स्फिंगोबियम इंडिकम या जिवाणूचा उपयोग करून पाहिला. उसाच्या मुळांलगतच्या मातीतून मिळालेल्या या जिवाणूमध्ये रेणूतील क्लोरिन काढून टाकणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम असतात. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या आधारावर जिवाणू वाढवून ते दूषित मातीत मिसळण्यात आले आणि रसायनाचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. तथापि सर्वाधिक चिवट असलेल्या बीटा प्रकाराचे विघटन हा जिवाणू पूर्ण करीत नाही. ते क्लोरिनयुक्त मधल्या संयुगांपाशी थांबते. पुढील पायऱ्यांसाठी इतर सूक्ष्मजीवांची साथ लागते.

हा समूह दोन प्रकारे उभा करता येतो. मातीतील मूळच्या सूक्ष्मजीवांना पोषकद्रव्ये, ओलावा आणि हवा पुरवून त्यांची वाढ करणे हा पहिला. प्रयोगशाळेत वाढविलेले सूक्ष्मजीव बाहेरून घालणे हा दुसरा. बाहेरून आलेल्यांना स्थानिक सूक्ष्मजीवांशी स्पर्धा करावी लागते, शिवाय एकपेशीय प्राणी त्यांना भक्ष्य करतात. कीटकनाशक मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसले असेल, तर ते जिवाणूंच्या हाती लागत नाही. तापमान आणि आम्लताही अनुकूल असावी लागते. म्हणूनच प्रयोगशाळेत काही दिवसांत होणारे काम शेतात रेंगाळू शकते.

त्यामुळे असे उत्पादन वापरताना मूळ कीटकनाशक किती घटले एवढेच पाहून चालत नाही. मधली संयुगे किती उरली आणि ती कितपत विषारी आहेत, हेही तपासावे लागते. रसायनाचे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या क्षारांत रूपांतर झाले, तरच माती खऱ्या अर्थाने शुद्ध झाली असे म्हणता येईल.