प्रज्ञाचक्षू: माधानच्या गुलाबराव महाराजांचे ग्रंथ कसे घडले?

१/ आयुष्य अवघे ३४ वर्षांचे, ग्रंथ शंभराहून अधिक आणि दृष्टी नवव्या महिन्यातच हरपलेली. वऱ्हाडातील या ग्रंथकाराचे नाव संत गुलाबराव महाराज.

२/ जन्म ६ जुलै १८८१, अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे, मोहोड या शेतकरी घराण्यात. तेव्हा देशात अंधांसाठी एकही शाळा नव्हती. पहिली अमृतसरला निघाली, ती १८८७ मध्ये. ब्रेल लिपी फ्रान्समध्ये १८२९ सालीच प्रसिद्ध झाली होती. परंतु भारतीय भाषांसाठी सामाईक ‘भारती ब्रेल’ निश्चित व्हायला १९५१ उजाडले.

३/ मग हे ग्रंथ घडले कसे? सोबत्यांनी वाचावे, महाराजांनी ऐकून स्मरणात साठवावे. पुढे त्यांनी सांगावे आणि लेखनिकांनी उतरवून घ्यावे. वेदान्तापासून डार्विन आणि स्पेन्सर यांच्यापर्यंतचा विचार त्यांनी असा पारखला. ‘नावंग’ नावाची स्वतंत्र भाषाही रचली.

४/ भाविक याला ईश्वरी प्रसाद मानतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्यामागची व्यवस्थाही पाहावी. श्रवण आणि पाठांतर ही आपल्याकडील विद्येची जुनी वाट. तीवर अंध मुलाला मज्जाव नव्हता. पुढे विद्या पाटीवर आणि फळ्यावर आली, तेव्हा तोच मुलगा वर्गाबाहेर पडला. उणीव त्याच्यात नव्हती, शिकवण्याच्या रीतीत होती.

५/ महाराजांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात. महाभारतात हे विशेषण धृतराष्ट्रासाठी येते. शब्द गौरवाचा खरा; पण असा गौरव असामान्यांच्याच वाट्याला येतो. सामान्य अंध मुलाला सन्मान मिळवण्यासाठी शंभर ग्रंथ का लिहावे लागावेत?

६/ याच अमरावतीत १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी ‘तपोवन’ उभारले. समाजाने दूर लोटलेल्यांना तेथे उपचारांबरोबर हातांना कामही मिळाले. येथे सन्मानासाठी असामान्यत्वाची अट नव्हती.

७/ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली. कुष्ठमुक्त व्यक्तींचाही त्यांत समावेश आहे. परीक्षेत लेखनिक आणि वाढीव वेळ यांचीही त्यात तरतूद आहे. महाराजांना जो लेखनिक शिष्यांच्या भक्तीमुळे लाभला, तो आज विद्यार्थ्याचा हक्क आहे. तुमच्या महाविद्यालयात तो हक्क सहज मिळतो का, एवढे अवश्य विचारा.